चर्चच्या ऑफिसातल्या आंटी, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले

आंटी, नमस्कार. तुम्ही स्वतः हे वाचाल असं वाटत नाही, तुमच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आहे आणि तेही सुनेने उघडून दिलं तरच, पण ती नक्की वाचेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल म्हणून इथे लिहितोय. पोरीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी गडबडीत राहूनच गेलं, केक कापायच्या वेळी शोधलं तर तुम्ही कधीच घरी निघून गेला होता, बायकोने फुगे आणि मटणाचा डबा पाठवला तो मिळाला ना.

खरं सांगायचं तर आमचं कॅथलिक चर्च म्हणतं बाळ जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा करा आणि आमची पोरगी चार महिन्यांची होत आली होती. कारण काय तर गॉडफादर गॉडमदर, म्हणजे बाळाचे धर्मपिता-धर्ममाता, कोण. आमची यादी चार जणांची. दादा तर ठरलेलाच, घरातलं पहिलं बाळ आणि मोठा काका धर्मपिता नाही झाला तर वसईत लोक काय म्हणतील. मग माझा पुण्याच्या हॉस्टेलचा मित्र, नगरचा, सीएनआय या प्रोटेस्टंट चर्चचा, त्याने माझे सगळे वाईट दिवस बघितलेत. मग बायकोची मावशी. आणि बायकोचा धाकटा भाऊ, तो पंधरा वर्षांचा पण फोटोत छान येतो. चार जण म्हणजे बाळाला चार चेन, हे बायको म्हणाली होती, मी नाही.

तर मी आधी एका ठिकाणी फोन लावला, कुठे ते जाऊ दे, तिथे मला दीड मिनिटात उत्तर मिळालं की प्रोटेस्टंट चालत नाही, कोर्ट मॅरेजवाला चालत नाही, दोनपेक्षा जास्त नाही, आणि फोन ठेवला. सगळं तसं बरोबरच होतं हे नंतर कळलं पण त्या रात्री मी इतका तापलो होतो की फादरांना भलामोठा मेसेज टाइप केला आणि मग पाठवला नाही, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच आलो होतो हे तुम्हाला कळलं असणार. तुम्ही खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि विचारलं, आधी एकेकाबद्दल सांग, तो माणूस कसा आहे ते सांग. मी बोलत गेलो, तुम्ही बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहीत गेला. मग म्हणालात, हे बघ बाबा, १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम ८७२ ते ८७४ एवढंच आहे, घाबरण्यासारखं काही नाही. एक गॉडफादर किंवा एक गॉडमदर किंवा दोघं मिळून एक जोडी, त्यापुढे नाही. म्हणजे एकच असला तरी चालतो! हे मला छत्तीस वर्षं माहीत नव्हतं, मी समजत होतो जोडी पाहिजेच.

मेहुण्याचं लगेच उरकलं. सोळा पूर्ण पाहिजेत, कारण असेल तर फादर सूट देऊ शकतात, पण तुम्ही विचारलंत की कारण काय आणि फोटो हे कारण काही मला तोंडातून काढवेना.

मावशीचं अडलं दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या कन्फर्मेशन संस्काराच्या, सर्टिफिकेटवर. गॉडमदर व्हायचं तर बाप्तिस्मा, कम्युनियन (प्रभुभोजन) आणि दृढीकरण तिन्ही झालेलं पाहिजे, मावशीचं झालंय ते तिला आठवतंय, बिशपांनी कपाळाला तेल लावलं तेही आठवतंय, पण कागद २००५ च्या पुरात गेला. मी म्हणालो संपलं. तुम्ही हसलात. म्हणालात कागद गेला तर जाऊ दे, बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला ते सांग, कारण दृढीकरण कुठेही झालं तरी त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये त्या माणसाच्या नावापुढे करतात, लग्न झालं तर तेही तिथेच लिहितात. उत्तनच्या बाजूला तुम्ही स्वतः फोन केला, आणि आठवड्यात नवीन उतारा आला, समासात बारीक अक्षरात मावशीच्या दृढीकरणाची तारीख. मावशी तो कागद बघून रडली, मला वाटतं स्वतःचं लहानपण कुणीतरी लिहून ठेवलंय याचंच तिला जास्त वाटलं असेल.

मित्राचं तुम्ही जे केलं त्याबद्दल तर मी आयुष्यभर ऋणी आहे. तुम्ही सांगितलं की बाप्तिस्मा झालेला प्रोटेस्टंट माणूस धर्मपिता होत नाही, पण कॅथलिक गॉडपेरेंट सोबत असेल तर तो साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, त्याच कलमात लिहिलंय, ही कुणाची मेहरबानी नाही. मला भीती होती त्याला फोन करून हे सांगायचं कसं, दुय्यम वाटेल त्याला. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, अरे आमच्याकडे तुला उभं करायचं झालं असतं तर मीही पाळकांना विचारूनच केलं असतं, तारीख सांग.

राहिला दादा. हे लिहू की नको असा विचार केला, त्यालाच विचारलं, तो म्हणाला लिही. दादाचं आणि वहिनीचं लग्न कोर्टात झालं, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, वहिनी हिंदू. तेव्हापासून आठ वर्षं दादा रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येतो पण कम्युनियनच्या रांगेत उभा राहत नाही, आम्ही सगळे ते बघतो आणि कुणी काही बोलत नाही. आमच्या घरात अशा गोष्टींवर बोलत नाहीत, म्हणून जेवण शांतपणे होतं. गॉडफादरचं आयुष्य चर्चच्या दृष्टीने सरळ असावं लागतं आणि दादाचं लग्न चर्चमध्ये झालेलं नव्हतं, म्हणून तो बसत नव्हता. तुम्ही मला म्हणालात की हे तू सांगू नकोस, तुझ्या तोंडून त्याला टोचेल. आणि रविवारी मिस्सानंतर क्रुसाजवळच्या बाकावर तुम्ही त्याच्याशी अर्धा तास बोललात. काय बोललात ते त्याने नंतर मला थोडं सांगितलं. की वहिनीला धर्म बदलायची गरज नाही, बिशपांकडून परवानगी घेऊन लग्न चर्चमध्ये विधिवत करून घेता येतं, तो आणि वहिनी तयार असतील तेव्हा, घाई नाही. आठ वर्षं तो समजत होता की वहिनीला बाप्तिस्मा घ्यावा लागेल आणि तिला तो ते कधीच सांगणार नव्हता. कुणी सांगितलं होतं त्याला हे? कुणीच नाही, असंच ऐकलेलं.

मी नंतर वाचलं की इटलीत सिसिलीमधल्या कातानिया धर्मप्रांताने २०२१ मध्ये तीन वर्षांसाठी गॉडपेरेंट ठेवणंच बंद केलं होतं, कारण तिथे ते नुसतं ओळखीपाळखीचं आणि मानपानाचं प्रकरण झालं होतं. वाचून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली, आमच्या चार चेन आठवल्या.

तर त्या दिवशी मावशी धर्ममाता झाली, मित्र साक्षीदार. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती कुणी पेटवायची हे तुम्ही आधीच फादरांशी बोलून ठेवलं होतं, मला पत्ताही नव्हता, फादरांनी दादाला पुढे बोलावलं. दादाचा हात थरथरत होता, ते व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, वहिनी मागून म्हणतेय हळू हळू, तेही ऐकू येतंय. मग तुम्ही रजिस्टर काढलं आणि साक्षीदाराचं नाव लिहिताना आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं, मित्राने त्या पानाचा फोटो काढून नगरला आईला पाठवला.

मी पाकीट दिलं ते तुम्ही ढकललं, म्हणालात चर्चच्या पेटीत टाक. टाकलं.

आणि एक, परवा वहिनीने फोन करून विचारलं की ऑफिस संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं. मी सातपर्यंत सांगितलंय. आले तर चहा पाजा, दादा बिनसाखरेचा घेतो.