पाककृतीत नुसते ‘बीफ’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘घरगुती बीफ स्टू’ची कृती वाचली. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे म्हणून करायचा पदार्थ आपण छापलात याचा आनंद झाला. पण साहित्यात ‘बीफ, 500 ग्रॅम’ आणि कृतीत ‘चांगले परतून रस आत कोंडा, मग कुकरच्या 4 शिट्ट्या करा’ एवढेच आहे. कोणी नवशिक्याने यावर विसंबून सहा माणसांचा स्वयंपाक केला, तर पानात चिवट तुकडे पडतील आणि ‘बीफ आपल्याला जमत नाही’ असे ते घर ठरवून मोकळे होईल. ते होऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला सासरे, माझे यजमान, धाकटे दीर, दोन मुले आणि मी असतो. सासऱ्यांना कवळी आहे. मुलांना भरपूर रस्सा लागतो, दीर कामावरून उशिरा येतात आणि त्यांना गरम लागते. या सगळ्यांना एकाच पातेल्यातून पोटभर वाढता येईल असे जे थोडे पदार्थ आहेत, त्यात बीफ स्टूचा नंबर माझ्या मते पहिला. मात्र मांस कोणत्या भागाचे आहे यावर सगळे अवलंबून असते, आणि नेमके तेच आपल्या कृतीत नाही.

जनावराचा जो भाग दिवसभर राबतो, म्हणजे खांदा, पायाची नळी, छाती, तिथे स्नायूंना धरून ठेवणारे चिवट पडदे आणि शिरा जास्त असतात. त्यात कोलाजेन नावाचे चिवट प्रथिन असते. कण्यालगतचा भाग फारसा राबत नाही, तो मुळातच मऊ. आता गंमत अशी की मऊ भाग तीन तास शिजवला तर भुसा होतो, आणि चिवट भाग तीन तास शिजवला तर चमच्याने तुटतो. कोलाजेन ओल्या उष्णतेत हळूहळू विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. हे काम साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे बऱ्यापैकी सुरू होते, पण त्याला तासन् तास लागतात. रश्श्याला जो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो तो या जिलेटिनचा. तो पिठाने आणता येत नाही. म्हणून ‘बीफ’ असा मोघम शब्द वाचून कोणी महागातला, बिनचरबीचा मऊ भाग आणला, तर पैसेही जातात आणि स्टूही जातो.

मी खाटकाकडे ‘खांद्याचे द्या, नाहीतर नळीचे’ असे सांगते आणि कापायच्या आधी अख्खा तुकडा बघते. आत बारीक पांढऱ्या रेषा आणि कडेला चंदेरी पडदा दिसला की तो माझा. आयते कापून ठेवलेले ‘स्टूचे तुकडे’ मी घेत नाही. त्यात दोन-तीन भागांचे मांस मिसळलेले असू शकते, मग एक तुकडा विरघळतो आणि शेजारचा दाताला दाद देत नाही. तुकडे मोठे हवेत, चार-पाच सेंटिमीटरचे. शिजताना ते आक्रसतात. वजनही घटते, एक किलो कच्च्या मांसाचे शिजून सहाशे-सातशे ग्रॅम उरते. तेव्हा सहा जणांना 500 ग्रॅम हा हिशेबही एकदा तपासून घ्यावा अशी विनंती.

आता ‘रस आत कोंडण्या’विषयी. परतल्याने मांसावर कवच बसते आणि रस बाहेर येत नाही, ही समजूत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातले जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांच्या नावाने ती पसरली. ती खरी नाही, आणि हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. चांगला लाल परतलेला तुकडा ताटलीत काढून पाच मिनिटे ठेवा, खाली रस साचलेला दिसेल. तरीही परतायचे, आणि मन लावून परतायचे, कारण सगळी चव तिथे तयार होते. पृष्ठभाग सुमारे 140 अंशांच्या वर गेला की प्रथिने आणि शर्करा यांच्यात अभिक्रिया होते आणि तो खमंग, खरपूस वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी 1912 साली या अभिक्रियेचे वर्णन केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या पुढे जात नाही, म्हणून तुकडे आधी कोरडे टिपून घ्यायचे आणि पातेल्यात गर्दी करायची नाही. एका वेळी तळ जेमतेम झाकेल इतकेच तुकडे. लगेच ढवळायला जाऊ नये. तुकडा चिकटला असेल तर तो अजून झालेला नाही, रंग आला की आपणच सुटतो. ‘चर्र’ आवाज मंदावून ‘बुडबुड’ ऐकू यायला लागले तर समजावे की पाणी सुटले आहे आणि मांस परतण्याऐवजी उकडत आहे. मग अर्धे काढून घ्यावे, आच वाढवावी.

तळाला जी तपकिरी खरवड धरते ती कृपया कोणी घासून टाकू नये. त्यातच कांदा घालायचा, मीठ घालायचे, कांद्याला पाणी सुटले की लाकडी उलथन्याने ती सगळी खरवडून घ्यायची. काळी पडून कडू झाली असेल तरच टाकावी.

पुढचे काम आपल्या कृतीत एका ओळीत संपले आहे, आणि खरे शिजणे तर तिथेच आहे. मांस पाण्यात आहे म्हणून कोरडे पडणार नाही असे वाटते, पण पाण्यातही ते चांगले कोरडे पडते. खळाखळा उकळवले की स्नायूंचे तंतू आवळतात आणि आतले पाणी बाहेर टाकतात. म्हणून पातेल्यात मधूनच एखादा बुडबुडा यावा एवढीच आच ठेवावी. तासाभराने एक तुकडा चाखला तर तो सुरुवातीपेक्षाही कडक लागतो. तंतू आवळून झालेले असतात आणि कोलाजेन अजून विरघळलेले नसते. पुष्कळ जण याच क्षणी ‘जास्त शिजले वाटते’ म्हणून गॅस बंद करतात. त्यांना कोणीतरी सांगायला हवे की थांबा, अजून दीड-दोन तास द्या. खांद्याच्या मांसाला अडीच ते तीन तास लागतात, नळीच्या मांसाला त्याहून थोडे जास्त. पण घड्याळापेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा. काटा खुपसून जरासा फिरवला की तुकडा तंतूंच्या रेषेवर आपसूक उलगडला पाहिजे. जोर द्यावा लागला तर झाले नाही. आठचे जेवण असेल तर मी चारच्या सुमारास पातेले चढवते, म्हणजे सासऱ्यांसाठी वेगळे काही करावे लागत नाही.

बटाटे आणि गाजरे शेवटच्या पाऊण तासात घालावीत. टोमॅटो किंवा व्हिनेगर जास्त असेल तर भाज्या मऊ व्हायला वेळ लागतो, त्यामुळे आंबट रश्श्यात त्या थोड्या आधी घातलेल्या बऱ्या.

कुकरला माझा मुळीच विरोध नाही. दाबाखाली अन्न शिजवायचे भांडे फ्रेंच संशोधक देनी पापँ यांनी 1679 मध्ये बनवले, आणि त्यांचा उद्देशच हाडांतून सत्त्व काढण्याचा होता. म्हणजे चिवट मांसासाठी कुकर अगदी योग्य. आतले तापमान 120 अंशांच्या आसपास जाते आणि तीन तासांचे काम पाऊण तासात होते. माझी हरकत शिट्ट्यांना आहे. एका घरी 4 शिट्ट्या दहा मिनिटांत होतात, दुसऱ्या घरी पंचवीस मिनिटांत. कुकर केवढा, भरला किती, आच किती, शिट्टी नवी की जुनी, सगळ्यावर ते ठरते. ‘पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर 35 ते 45 मिनिटे, मग दाब आपोआप उतरू द्यावा’ असे छापले तर कोणाच्याही घरी जमेल. घाईने वाफ सोडली की आतला रस्सा एकदम खळखळतो आणि मांस कोरडे पडते, हेही कंसात लिहावे.

स्टू दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. वर थिजलेली चरबी सहज काढता येते आणि रस्सा मुरतो. मी पाहुणे यायचे असतील तर आदल्या दिवशीच करून ठेवते. पण ठेवायचे कसे हे प्रत्येक कृतीत असायला हवे, आणि ते मला कधी आढळत नाही. मोठे पातेले ओट्यावर रात्रभर राहिले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. शिजवल्यानंतरही काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे उष्णतेला दाद न देणारी त्यांची सुप्त रूपे, तग धरतात आणि त्या कोमटपणात झपाट्याने वाढतात. रस्सा उथळ भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, आणि वाढण्याआधी पुन्हा नीट उकळला पाहिजे. घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले असताना यात चालढकल चालत नाही.

आठवड्यातल्या धावपळीच्या रात्री मी खिमा करते, त्याबद्दल थोडेच लिहिते. अख्ख्या तुकड्यावर जिवाणू मुख्यतः वरच्या बाजूला असतात, दळल्यावर ते आतपर्यंत मिसळतात. त्यामुळे खिम्याचे गोळे किंवा कटलेट आतून 71 अंशांपर्यंत शिजले पाहिजेत. आतला गुलाबी रंग गेला म्हणजे झाले असे धरू नये, रंग आधीच बदलू शकतो. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर घरात असावा. गोळे कोरडे होऊ नयेत म्हणून दुधात भिजवलेला पाव कुस्करून घालावा, तो पाणी धरून ठेवतो.

आपल्या पुरवणीतल्या कृती बरेच जण कापून फ्रिजच्या दारावर लावतात, माझ्याही दारावर आहेत. म्हणून आग्रहाची विनंती आहे की यापुढे बीफची कृती छापताना मांस कोणत्या भागाचे, तुकडा केवढा, आणि झाले हे कशावरून ओळखायचे, एवढे जरूर द्यावे. जागा कमी पडत असेल तर सजावटीचा परिच्छेद गाळला तरी चालेल. स्टूची कृती याप्रमाणे दुरुस्त करून पुन्हा छापणार असाल, तर माझी वजनमापे लिहिलेला कागद मी आनंदाने पाठवीन.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
(नाव व पत्ता सोबतच्या स्वतंत्र कागदावर दिला आहे.)