गाळण्याआधी एकदा बघ

वेंगुर्ला
रविवार, दुपार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला वाटला म्हणून लिहायला बसले. फोनवर मी काही समजवायला लागले की तू नुसतं "हं, हं" करतेस. कागद हातात आला तर निदान दोनदा वाचशील. आजी बाजूला बसून काजू सोलतेय आणि मधून मधून विचारतेय, "चेडू नीट जेवता मां?" त्याचं उत्तर तूच दे तिला.

तुझी अडचण मला समजली ती अशी. रुग्णांच्या डीएनएमधले जे बदल तुझ्या तक्त्यात आलेत, त्यांतल्या समानार्थी बदलांच्या ओळी सरसकट गाळायच्या, अशी तुमच्याकडची पद्धत. अशा बदलात डीएनएचं अक्षर बदलतं, पण प्रथिनातलं अमिनो आम्ल बदलत नाही, मग त्या ठेवायच्या कशाला? मग कुणीतरी तुला २०२२ चा यीस्टवरचा पेपर दाखवला, ज्यात समानार्थी बदलही बहुतेक हानिकारकच असं म्हटलंय, आणि आता तुझं म्हणणं की सगळं काम पाण्यात गेलं, एकही ओळ गाळता येणार नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक ओळी गाळल्यास तरी बिघडणार नाही, पण न बघता गाळू नकोस. आणि बघताना कोडॉन (एक अमिनो आम्ल सांगणारा तीन अक्षरांचा शब्द) वेगवान की मंद, या फंदात आधी पडू नकोस. आधी स्प्लायसिंग बघ, म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतीतले नको ते तुकडे (इंट्रॉन) कापून कामाचे तुकडे (एक्झॉन) जोडले जातात ते.

६१ कोडॉन आणि २० अमिनो आम्लं, ल्युसीनला सहा कोडॉन आणि मेथिओनीनला एकच, हे तुला अकरावीत मीच शिकवलंय, ते पुन्हा सांगत बसत नाही. १९६८ मध्ये किमुरा आणि १९६९ मध्ये किंग व ज्यूक्स यांनी मांडलं की रेणूंच्या पातळीवरचे पुष्कळ बदल नैसर्गिक निवडीच्या नजरेतच येत नाहीत. समानार्थी बदल हे त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण ठरलं. आजही एखाद्या जनुकावर निवडीचा दाब किती, हे मोजताना समानार्थी बदलांचा वेग हाच पाया धरतात. तो पाया थोडा डळमळीत आहे हे १९८० च्या सुमारास दिसायला लागलं. फ्रान्समध्ये ग्रँथमने दाखवलं की प्रत्येक जीवाची कोडॉनची आवडनिवड ठरलेली असते. जपानमध्ये इकेमुराने ई. कोलाय या जिवाणूतले टी-आरएनए (कोडॉन ओळखून त्याचं अमिनो आम्ल आणून देणारे रेणू) मोजले, आणि १९८१ मध्ये दाखवून दिलं की ज्या कोडॉनचे टी-आरएनए जास्त, तेच कोडॉन जास्त वापरले जातात. ई. कोलायमध्ये ल्युसीनसाठी जवळपास निम्म्या वेळा सीयूजी येतो, सीयूए क्वचित. यीस्टची पसंती मात्र यूयूजीला. म्हणजे मुळातच 'चांगला' असा कोडॉन कुठलाच नाही, त्या पेशीत कुठला टी-आरएनए मुबलक आहे त्यावर ते ठरतं.

कुडाळला जाणाऱ्या दोन वाटांच्या एसटी समज. एका वाटेने तासाला गाडी, दुसरीने दिवसातून दोन. कुठल्याही गाडीत बसलीस तरी उतरणार कुडाळलाच, पण स्टँडवर ताटकळणं वेगळं. प्रथिन जोडत जाणाऱ्या रायबोसोमचं तसंच. ई. कोलायचा रायबोसोम जोरात असला की सेकंदाला १५ ते २० अमिनो आम्लं जोडतो. त्याचा खोळंबा झाला तर वीस मिनिटांत दुप्पट होऊ पाहणाऱ्या जिवाणूला ते परवडत नाही. म्हणून रायबोसोमच्या प्रथिनांसारखी जी जनुकं सतत राबतात, त्यांच्यात आवडते कोडॉन ठासून भरलेले असतात. क्वचित वापरल्या जाणाऱ्या जनुकांत तेवढी काटेकोरी नसते.

वेग हाच सगळ्यात मोठा गुण, असं मात्र धरून चालू नकोस. पावावर वाढणारी न्यूरोस्पोरा नावाची नारिंगी बुरशी आहे. तिच्या दिवस-रात्रीच्या घड्याळाचं एक जनुक मुद्दाम ठेवल्यासारखं नावडत्या कोडॉनचं आहे. २०१३ मध्ये संशोधकांनी ते कोडॉन बदलून आवडते घातले. अमिनो आम्लांचा क्रम तोच ठेवला. प्रथिन भरपूर तयार झालं, पण त्याची घडी वेगळी बसली आणि घड्याळ बंद पडलं. मला हा प्रयोग फार आवडतो. मंद कोडॉनपाशी रायबोसोम थबकतो, तेवढ्यात आधी बाहेर आलेल्या भागाला नीट दुमडायला वेळ मिळतो.

आता माणसाकडे ये, कारण तुझा तक्ता माणसांचा आहे. इथे मुद्दा लोकसंख्येचा. एखाद्या बदलाचा फायदा-तोटा फारच बारीक असेल तर तो टिकणार की जाणार हे निव्वळ योगायोगावर ठरतं, आणि 'बारीक' म्हणजे किती हे लोकसंख्या ठरवते. डोकी मोजून येणारी नव्हे, तर परिणामी लोकसंख्या, म्हणजे पुढच्या पिढीचे खरे आईबाप ठरणाऱ्यांचीच. परवा बंदरावर रापणीला तारली लागली, ढीगच्या ढीग. पण तारलीची लाखो अंडी पाण्यात पडतात आणि त्यांतली मोजकीच पिल्लं जगतात, म्हणून पुढच्या पिढीचे खरे आईबाप त्या ढिगाच्या मानाने फार थोडे. माणसं आज आठशे कोटींच्या घरात, पण आपला इतिहास इतक्या लहान कळपांतून आलाय की परिणामी लोकसंख्या दहा हजारांच्या आसपासच धरतात. म्हणजे ज्या बदलाने वीस हजारांत एकाहून कमी फरक पडतो, तो आपल्यात निवडीला जवळजवळ दिसतच नाही. जिवाणूंची आणि यीस्टची परिणामी लोकसंख्या कोटींत जाते. तिथे इतका फरकही टिपला जातो. मधल्या वाडीतल्या माडीत फसफसणारं यीस्ट कोडॉनच्या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी चोखंदळ आहे, हे ऐकून तुझ्या बाबांना आनंद होईल.

माणसाच्या जनुकांतही कोडॉनची आवडनिवड दिसते, पण ती बरीचशी वेगळ्या कारणाने. गुणसूत्रांची अदलाबदल होताना दुरुस्तीत जी आणि सी या अक्षरांना किंचित झुकतं माप मिळतं. त्यात जीवाचा फायदा असा काही नसतो. बाहेरून मात्र ते हुबेहूब निवडीसारखं दिसतं आणि भले भले फसतात. एखाद्या रुग्णात नुसता "आवडता कोडॉन जाऊन नावडता आला" एवढ्यावरून रोगाचं कारण सापडलं असं कुणी म्हणालं, तर त्याला पुरावा माग.

मग माणसात समानार्थी बदल कुठे नडतो? एक्झॉनच्या जोडणीत. दोन उदाहरणं पाठ करून ठेव. एसएमएन१ आणि एसएमएन२ ही जवळजवळ जुळी जनुकं. दुसऱ्याच्या सातव्या एक्झॉनमध्ये सहाव्या जागी सीऐवजी टी आहे. टीटीसी काय आणि टीटीटी काय, फेनिलअ‍ॅलनीनच. पण त्या एका अक्षरामुळे जोडणारी यंत्रणा बहुतेक वेळा सातवा एक्झॉनच वगळते आणि प्रथिन टिकत नाही. ज्या बाळात एसएमएन१ नसतं, त्याला स्नायू झिजवणारी स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी होते, कारण उरलेलं दुसरं जनुक त्या एका अक्षरापायी अपुरं पडतं. २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं नुसिनर्सेन हे औषध नेमकं हेच दुरुस्त करतं. शेजारच्या इंट्रॉनवर चिकटून तो एक्झॉन पुन्हा जोडायला लावतं.

दुसरं प्रोजेरियाचं, लहान मुलं अकाली म्हातारी होतात तो आजार. २००३ मध्ये त्याचं कारण सापडलं. लॅमिन ए जनुकात जीजीसीचा जीजीटी होतो, दोन्हींचा अर्थ ग्लायसीन. पण त्या बदलाने एक्झॉनच्या आतच कापायची नवी जागा तयार होते, १५० अक्षरं गळतात, म्हणजे प्रथिनातली ५० अमिनो आम्लं. तुमचा गाळायचा नियम त्या वेळी कुणी डोळे मिटून लावला असता, तर हे उत्तर कचऱ्यात गेलं असतं.

राहिला तो यीस्टचा पेपर. २१ जनुकं, आठ हजारांवर उत्परिवर्तित वाण, आणि निष्कर्ष असा की तीन-चतुर्थांश समानार्थी बदल हानिकारक, अमिनो आम्ल बदलणाऱ्यांच्या जवळपास तितकेच. काम मेहनतीचं आहे, पण ही बरोबरीच मला खटकते. समानार्थी बदल खरंच इतके घातक असते तर उत्क्रांतीच्या नोंदीत ते इतक्या सहज साचत गेलेले दिसले नसते. इतर जनुकशास्त्रज्ञांनीही आक्षेप घेतलेत. मुख्य म्हणजे, जनुकसंपादनाच्या प्रक्रियेतून गेलेल्या वाणांची तुलना त्याच प्रक्रियेतून गेलेल्या, पण जनुक न बदललेल्या वाणांशी करायला हवी होती. वाद मिटलेला नाही. त्यावरून तुझा तक्ता फाडायचं कारण नाही.

उद्या गेलीस की असं कर. समानार्थी ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेव. निरोगी लोकांच्या मोठ्या डेटाबेसमध्ये जे बदल सर्रास सापडतात, ते आधी काढ. उरलेल्यांत एक्झॉनच्या कडेला कोण आहे ते बघ, त्यातही एक्झॉनचं शेवटचं अक्षर बदललेलं असेल तर त्यावर लाल खूण कर. मग स्प्लाइस-एआय (जोडणी बिघडेल का याचा अंदाज देणारा प्रोग्राम) चालव. त्यातून चार-पाच ओळी उरल्या आणि त्यांचं जनुक रुग्णाच्या लक्षणांशी जुळत असेल, तर रक्तातला आरएनए तपासता येईल का हे तुझ्या गाइडना विचार. ते जनुक रक्तात चालूच नसेल तर त्या तपासणीतून काही कळणार नाही, हेही आधी बघून ठेव. सरांकडे जाताना पेपरांचा गठ्ठा नको नेऊस, ही छोटी यादी ने.

मठातल्या काकू पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर सोलं आणि ओले काजूगर पाठवते. काजूगर दोन दिवसांत संपव, फ्रीजमध्ये ठेवून विसरू नकोस. जत्रेला यायचं असेल तर गुरुवारपर्यंत कळव, म्हणजे बाबा कुडाळ स्टेशनला गाडी घेऊन येतील.

तुझी,
आई