शेरा न मारलेलं टपाल

मिरज,
५ ऑक्टोबर २०२५

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो बाबा, ठीक आहे बाबा" याच्या पुढे जात नाहीस. मलाही फोनवर धड बोलता येत नाही, तुझी आई शेजारी उभी राहून "काय म्हणते, काय म्हणते" करत असते. म्हणून लिहायला बसलोय. ३६ वर्षं लोकांची पत्रं वाटली, स्वतः लिहिली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे. पाकीट स्पीड पोस्टानं येईल. मी सवयीनं खिडकीवर "एक रजिस्टर" म्हणून बसलो, तर आतली नवीन मुलगी हसली. "काका, १ सप्टेंबरपासून रजिस्टर गेलं की स्पीड पोस्टात." घ्या. आता पोस्टातही मी जुना.

गौरी जेवणाच्या दिवशी तू ताटाशेजारी फोन पालथा ठेवला होतास. पुरणपोळीचा एक घास, की फोन उलटा करून बघायचा, परत पालथा घालायचा. कटाची आमटी गार होऊन तिच्यावर तवंग धरला. मला वाटलं ऑफिसचं काही असेल. तुझ्या आईला तसं वाटलं नाही. विसर्जनानंतर तू तिला सगळं सांगितलंस आणि तिनं मला. तिच्यावर रागावू नकोस, आमच्या घरात एकाला सांगितलेलं दोघांना कळतंच.

त्या मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. हातात टपाल घेऊन हिंडलेला माणूस कागदावर नाव जपूनच लिहितो. मला कळलं ते एवढंच, की जुलैत पुण्यात नदीपात्रात ढोलांचा सराव चालायचा तिथे ओळख झाली, दोन महिने रोज बोलणं, दिवाळीत त्याला इकडे घेऊन यायचा तुझा विचार होता, आणि ऑगस्टच्या शेवटी एका रात्री "उद्या बोलतो" म्हणाला तो शेवटचा. दुसऱ्या दिवसापासून एकच टिक. फोटो गेला. तुला वाटलं अपघात झाला. तू दोन दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत फोन करून विचारलंस, हे ऐकून मी उठून गॅलरीत गेलो. आणि मग विसर्जन मिरवणुकीच्या कुणाच्या तरी व्हिडिओत तो दिसला. कमरेला ढोल, डोक्याला फेटा, अलका चौकात, मजेत.

तू आईला म्हणालीस, "तो जिवंत आहे हे बघून आधी बरं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली." त्यात लाज कसली? तू माणूस धड आहेस, एवढंच त्यातून दिसतं.

तुझा मामा म्हणाला, दोन महिन्यांचं तर प्रकरण, त्यात काय एवढं. मामाला काही कळत नाही. वीस वर्षांच्या संसारात माणसाचे दोष पाठ झालेले असतात, दोन महिन्यांत सगळं पुढचंच असतं. तुझं जे गेलं ते अजून घडायचं होतं. त्याचा हिशोब कुणाला कसा देणार?

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. पत्र परत जातं तेव्हा ते नुसतं परत जात नाही, पोस्टमनला त्याच्यावर शेरा मारावा लागतो. घर सोडून गेला असेल तर 'लेफ्ट'. कुणी ओळखतच नसेल तर 'नॉट नोन'. घेत नाही म्हणाला तर 'रिफ्यूज्ड', मयत असेल तर तसं. कुलूप असेल तर चिठ्ठी ठेवायची, पाकीट सात दिवस ऑफिसात ठेवायचं, न्यायला कुणी आलं नाही तर 'अनक्लेम्ड' लिहून पाठवणाऱ्याकडे रवाना. खाली सही, तारीख. 'रिफ्यूज्ड' वाचून पाठवणाऱ्याचं काळीज हलत असेल, नाही असं नाही. पण त्याला कळतं तरी. तुझ्या बाबतीत पत्र ना पोचलं ना परत आलं. शेरा नाही. आणि शेरा नसला की माणूस स्वतःच लिहायला बसतो. मी जास्त बोलले का, घाई केली का, त्या दिवशी कपडे कसे होते, आमच्या जातीचं कळलं का, दात पुढे आहेत म्हणून का. तू महिनाभर हे शेरे लिहिते आहेस आणि सगळे स्वतःच्याच पत्त्यावर.

कुतूहल म्हणून शेजारच्या नातवाला व्हॉट्सअॅपचं विचारलं. ब्लॉक केलं तर समोरच्याला कळतं का? त्यानं कंपनीचंच मदतीचं पान काढून दाखवलं. त्यात चक्क लिहिलंय, की ब्लॉक करणाऱ्याची खासगी बाब जपावी म्हणून ही लक्षणं आम्ही मुद्दाम संदिग्ध ठेवली आहेत. म्हणजे एकच टिक हे नेटवर्क नसल्याचंही लक्षण आणि दार लावून घेतल्याचंही. त्रास देणाऱ्या माणसापासून बायकांना सुटता यावं म्हणून ते बरोबरच असेल. पण आमच्या खात्यात एखाद्यानं शेऱ्याची जागा अशी मुद्दाम कोरी ठेवली असती तर मेमो मिळाला असता.

या कोऱ्या जागेचा एवढा त्रास का होतो, याचं एक उदाहरण माझ्या वाचनात आलं. किपलिंग विल्यम्स म्हणून अमेरिकेतले एक मानसशास्त्रज्ञ आहेत. ते एकदा बागेत बसले होते, तर दोन अनोळखी माणसं खेळत होती त्यांची फ्रिस्बी घरंगळत यांच्यापाशी आली. यांनी ती परत फेकली. त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे फेकली, तिघांचा खेळ सुरू झाला, आणि थोड्या वेळानं त्या दोघांनी काही न बोलता यांच्याकडे फेकणं बंद केलं. एवढंच. ना ओळख ना पाळख, पण त्यांना लागलं, आणि आपल्याला का लागलं याच्यावरच त्यांनी पुढची कितीतरी वर्षं घालवली. कॉम्प्युटरवर तसाच चेंडूचा खेळ केला. २००४ साली त्यांनी दाखवलं, की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटरच चेंडू टाकतोय, असं आधी सांगून बसवलं तरी चेंडू यायचा थांबला की माणसाला वाईट वाटतंच. यंत्रानं डावललं तरी लागतं, आणि तू स्वतःला "मी इतकी कमजोर कशी" म्हणून विचारतेस.

आता जे सांगायला बसलोय ते. हे तुझ्या आईला माहीत आहे, तुला नाही.

१९८६ साली मी टायपिंगच्या क्लासला जायचो. पहाटे सहाची बॅच, मराठी, मिनिटाला ४० शब्दांची. शेजारच्या मशीनवर एक मुलगी बसायची. तिच्या मशीनचा 'ळ' अडकायचा, ती दर वेळी बोटानं दांडी सोडवायची आणि बोटाला शाई लागायची. ओळख झाली. पुढे तिच्या वडिलांची बदली झाली, ती साताऱ्याला गेली, आणि आम्ही पत्रं लिहायला लागलो. सहा महिने नियमानं. शपथा, आणाभाका काही नाहीत, पण दोघांनाही काय चाललंय ते समजत होतं.

मग तिच्या एका पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. पोस्टाची परीक्षा होती, म्हटलं झाल्यावर निवांत लिहू. परीक्षा झाली, आठ दिवस आळसात गेले. मग वाटलं, एवढ्या उशिरा दोन ओळी कशा पाठवायच्या, कारण लिहायला हवं. पंधरा दिवस झाले तेव्हा कारण मोठं लागणार होतं. महिना झाला तेव्हा माफी मागायला हवी होती. गोम इथेच आहे. जितके दिवस जातात तितकं पत्र लांब लिहावं लागतं, आणि ते जितकं लांब होतं तितका पेन उचलवत नाही. त्यातच घरी माझ्या लग्नाचं बोलणं निघालं. मी आजवर मनाशी म्हणत आलो की तुझ्या आजोबांनी हो म्हटलं नसतं. खरं सांगू? मी आजोबांना विचारलंच नव्हतं.

शेवटी तिचं जवाबी कार्ड आलं. तू पाहिलं नसशील. साधं कार्ड १५ पैशांना मिळायचं, हे ३० पैशांचं. दोन कार्डं जोडलेली, एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं, उत्तरासाठी. समोरच्यानं फाडून लिहायचं आणि पेटीत टाकायचं, तिकिटाचे पैसेही भरलेले. तिनं उत्तराच्या कार्डावर स्वतःचा पत्ताही घालून दिला होता. पिनच्या सहा चौकटींत सहा आकडे, एकेका चौकटीत नीट बसवलेले. आणि मजकुराच्या बाजूला एकच ओळ: "काहीही असलं तरी कळव."

मला फक्त 'नाही' एवढं लिहायचं होतं. मी ते कार्ड परीक्षेच्या गाइडमध्ये ठेवलं. पुढच्या वर्षी पोस्टात लागलो आणि रोज सकाळी बटवड्याला निघायचो. माझ्यासारख्याला हीच नोकरी मिळावी, याचं हसू यायचं कधी कधी. तिच्याविषयी माझ्या मनात वाईट काही नव्हतं. ती कमी पडली नव्हती, कुणी दुसरी भेटली नव्हती. तिनं मात्र काय काय शेरे लिहिले असतील स्वतःवर, आणि त्यातला एकही खरा नव्हता. खरा शेरा 'भित्रा आहे' एवढाच, आणि तो माझ्या पत्त्यावरचा.

ते कार्ड आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी रद्दी काढताना तुझ्या आईच्या हाती लागलं. तिनं दोन्ही बाजू वाचल्या. मला वाटलं आता काही खरं नाही. ती एवढंच म्हणाली, "दोन ओळी लिहायच्या होत्या की हो." आणि कार्ड परत ठेवून दिलं. तिच्याकडून मला जी काही बोलणी बसलीत त्यातलं हे सगळ्यात मोठं.

तर तो मुलगा माझ्यासारखाच भित्रा आहे, की बेरकी आहे, की त्याचं आणखी कुठे जमलंय, ते मला ठाऊक नाही. सगळेच माझ्यासारखे असतात असं नाही. पण त्याच्या गप्प बसण्यात तुझ्याविषयी काही निकाल दिलेला आहे असं समजू नकोस. मी गप्प बसलो होतो, म्हणून सांगतो, आतून ते निकालासारखं अजिबात नसतं. रोज उद्यावर ढकलणं असतं. आणि कधी सहा महिन्यांनी "कशी आहेस" म्हणून त्याचा मेसेज आलाच, तर तोही काही फार विचार करून आलेला नसेल. एवढं लक्षात ठेव आणि मग काय करायचं ते तू ठरव.

एक विचारायला हवं म्हणून विचारतो, रागावू नकोस. पैसे दिले होतेस का त्याला? फोटोबिटो? दिले असलेस तर असू दे, पण एकटी निस्तरत बसू नकोस. पैशाच्या फसवणुकीला १९३० वर फोन लावायचा, बाकीचं आपण दोघं चौकीत जाऊन बघू. मी आवाज चढवणार नाही, आईला तसं कबूल केलंय. आणि तसं काही नसेल तर उत्तम. त्याच्या ऑफिसाखाली जाऊन मात्र उभी राहू नकोस. एकोणीस मेसेज पाठवलेस म्हणून आईपाशी रडलीस ना? एकोणीसच काय, मी सातारच्या मुलीच्या जागी असतो तर नव्वद पाठवले असते. पण विसावा नको.

बाकी इकडे ठीक. पाऊस अजून जात नाही, अंगणातली फरशी हिरवी झालीय, आई परवा घसरता घसरता वाचली. डाळिंबाला फळ धरलंय. तुझ्या मामाला मधुमेह निघाला, तरी चहात साखर चालूच आहे.

पाकिटात एक पोस्टकार्ड ठेवलंय. अजून ५० पैशांनाच मिळतं, पण आता कुणी मागत नाही, खिडकीवरच्या मुलीला ड्रॉवर धुंडाळावा लागला. पत्ता मी घालून दिलाय, पिनसकट, ४१६४१०. मजकुराची बाजू कोरी आहे. दोन ओळी पुरेत, एकही चालेल. "बाबा, येऊ नका" असं लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

पंधरा तारखेपर्यंत कार्ड आलं नाही तर त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी कोयना एक्सप्रेस धरून येतो. शेंगदाण्याची चटणी तशीही पाठवायची आहेच.

तुझा,
बाबा

ता. क. कार्ड टाकायची लाल पेटी बाणेरात कुठे आहे ते तुला माहीत नसणार. तुमच्या पोस्टमनला विचार, तो दुपारी येतो. नाव विचारून घे त्याचं, बरं वाटतं त्यांना.