हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला नाही, आणि हे मीच सव्वीस वर्षं चुकीचं शिकवलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे एक बातमी दरवर्षी येते. या वर्षीही आली. ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला’ असं तिच्यात असतं. शेजारी किल्ल्याचा फोटो, पावसाने हिरवागार.

मी देवगड तालुक्यातली निवृत्त शिक्षिका आहे. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं, सव्वीस वर्षं. हेच वाक्य मी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि मुलांनी वहीत उतरवून घेतलंय. दर हिवाळ्यात एसटी ठरवून सहल विजयदुर्गाला न्यायची, पडकोटातून वर जायचं, आणि ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात त्या दगडी चौथऱ्यांपाशी मुलांना गोल बसवून ही गोष्ट सांगायची. तिथे गुरं राखणारे एक आजोबा असायचे, त्यांचीही साक्ष काढायची. ते म्हणायचे, “हयसून सायबान गिराण बघल्यान.” मुलं खूष, मीही खूष. आजोबांचं वाक्य पूर्ण खरं होतं. त्यात मी जे जोडत होते, ते चूक होतं.

माझं हे अज्ञान मोडलं ते माझ्याच एका विद्यार्थिनीने. ती आता पुण्यात भौतिकशास्त्र शिकवते. दोनेक वर्षांपूर्वी फोनवर म्हणाली, “बाई, रागावू नका, पण १८६८च्या ग्रहणाला लॉकियर भारतात आलेच नव्हते. ते लंडनमध्ये होते.” मी आधी रागावलेच. मग ती म्हणाली, “आणि बाई, तुम्ही कोकणातल्या. ऑगस्टात विजयदुर्गावर दुर्बीण लावून कोण बसेल?”

इथे मी गप्प झाले. १८ ऑगस्ट १८६८ म्हणजे श्रावणातली अमावास्या. त्या दिवसांत आमच्याकडे दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. समुद्रावरून सर आली की समोरचा माड दिसत नाही. अशा वेळी विलायतेहून बोटीने भिंगं आणि पितळी यंत्रं आणून कोणी शहाणा माणूस त्या बुरुजावर मांडेल का? सव्वीस वर्षं हा साधा प्रश्न मला पडला नाही.

तर झालं होतं असं. त्या ग्रहणाची खग्रास पट्टी आपल्या दख्खनवरून गेली हे खरं. जमखिंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल बसले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. ढगांनी त्यांचा पुष्कळ वेळ खाल्ला, तरी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, त्यांना एक नारिंगी रेघ दिसली. ती सोडियमची म्हणून त्यांनी नोंदवली. मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन होते. (इथेही एक नॉर्मन! गोंधळाला हे एक निमित्त असावं.) त्यांनीही तिथे पिवळी रेघ टिपली. आणि गुंटूरला होते फ्रान्सहून मुद्दाम आलेले पिएर जान्सेन. ज्वाळांच्या रेघा एवढ्या लख्ख दिसल्या की त्यांच्या मनात आलं, यांना बघायला ग्रहण कशाला हवं? दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, नेहमीसारखा सूर्य उगवल्यावर त्यांनी वर्णपटदर्शक सूर्याच्या कडेला लावला आणि रेघा दिसल्या. त्यानंतर दोन आठवडे ते रोज बघत राहिले. तोवर ज्वाळा दिसायच्या त्या फक्त ग्रहणातल्या चार-पाच मिनिटांत. जान्सेन यांचं खरं काम हे. हेलियमचा शोध मात्र त्यांच्याही नावावर टाकता येत नाही, कारण त्या पिवळ्या रेघेत काही नवीन आहे असं त्यांनी म्हटलेलं नाही.

तिकडे लॉकियर लंडनमध्ये युद्धखात्यात कारकून. खगोलशास्त्र हा घरचा उद्योग, ऑफिस सुटल्यावरचा. ग्रहणाशिवाय ज्वाळा दिसतील ही कल्पना त्यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती, पण त्यासाठी मागवलेलं यंत्र करणाऱ्याकडून येईचना. ते हातात पडलं १६ ऑक्टोबर १८६८ला, तेही पुरतं तयार नसलेलं. २० ऑक्टोबरला त्यांनी त्यातून सूर्याची कड पाहिली आणि रेघा सापडल्या. ग्रहण होऊन दोन महिने उलटले होते, आणि जागा होती लंडन.

यातली गंमत पुढेच आहे. जान्सेन यांनी आंध्रच्या किनाऱ्यावरून सप्टेंबरात धाडलेलं पत्र आणि लॉकियर यांचं लंडनहून गेलेलं पत्र, दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला मांडली गेली. आधी कोण यावर भांडण्याऐवजी फ्रेंच सरकारने १८७२मध्ये दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. जान्सेन हा गृहस्थच वेगळा. १८७०च्या डिसेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातलेला असताना हे बुवा पुढचं ग्रहण गाठायला फुग्यात बसून शहराबाहेर उडाले, अल्जीरियाला पोचले, आणि तिथे ऐन वेळी ढग आले.

असो. रेघेकडे वळते, कारण सगळं त्या रेघेतच आहे.

वर्गात मी हे करायचे, आणि हे मात्र बरोबर करायचे. स्पिरिटचा दिवा, तारेच्या टोकाला चिमूटभर मीठ. ज्योत एकदम गर्द पिवळी होते. घरी गॅसवर भाताचं पाणी उतू गेलं की दिसतं तेच हे. मग खोली अंधारी करायची आणि जुन्या सीडीचा तुकडा तिरपा धरून ज्योतीचं प्रतिबिंब त्यात बघायचं. मेणबत्तीचं बघितलं तर पूर्ण इंद्रधनुष्य मिळतं. मिठाच्या ज्योतीचं बघितलं तर बाकीचे रंग जवळजवळ नाहीसे होतात आणि पिवळा तेवढा उठून दिसतो. हा सोडियमचा अंगठा. मूलद्रव्य कुठेही असो, मिठात किंवा सूर्यावर, अंगठा उमटतो तो तसाच.

चांगल्या यंत्रातून पाहिलं तर या पिवळ्यात जुळ्या रेघा असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला. लॉकियरना सूर्याच्या कडेला दिसलेली पिवळी रेघ ५८७.६ला होती. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. हर्शेलनी हिलाच सोडियम समजून सोडून दिलं, त्यात त्यांना दोष कसा द्यायचा? डोक्यावर ढग आणि हातात पाच मिनिटं. लॉकियरना घाई नव्हती. रोज सूर्य उगवत होता, रोज मोजता येत होतं. (लंडनचं धुकं सोडून!) रेघ काही केल्या सोडियमच्या जागी बसेना. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांना घेऊन त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या दाबाखाली तपासून पाहिला, त्यातूनही ही रेघ निघेना. पृथ्वीवर कशातच न सापडलेलं काहीतरी सूर्यात आहे, एवढंच उरलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला नाव पडलं हेलियम.

म्हणून ‘शोध अमुक तारखेला, अमुक जागी’ हे वाक्यच मला आता पटत नाही. रेघ एकाहून जास्त लोकांनी पाहिली, तीही आपल्या दख्खनच्या पट्ट्यात. ती वेगळी आहे यावर अडून बसला तो एक कारकून.

नावाचीही एक गोष्ट आहे. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम अशी ‘इयम’ची शेपूट धातूंना लावायची पद्धत. हा नवा धातूच असणार असं धरून हेलियमलाही ती लागली. निघाला वायू! त्याचे सगळे भाऊ निऑन, अर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. हा एकटा धातूंचं आडनाव लावून त्या घरात बसला आहे. दहावीची मुलं हे ऐकून आवर्तसारणीतला शेवटचा स्तंभ कधी विसरायची नाहीत.

वायू आहे हे कळायला १८९५ उजाडलं. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से अर्गॉनच्या मागावर होते. युरेनियम असलेलं क्लेव्हाइट नावाचं खनिज आम्लात टाकून त्यांनी त्यातून निघणारा वायू गोळा केला. २६ मार्चला वर्णपट पाहिला तर पिवळी रेघ, आणि तीही सोडियमची नव्हे. त्यांनी नमुने विल्यम क्रूक्स आणि लॉकियर या दोघांकडे धाडले. म्हणजे आकाशात पाहिलेली रेघ सत्तावीस वर्षांनी नळीत पाहायला लॉकियर हयात होते. शास्त्रात असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

विजयदुर्ग येतो तो याच्यानंतर. २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या, शनिवार, निरभ्र कोरडी हवा. तेव्हाची खग्रास पट्टी कोकणातून शिरून थेट विदर्भाकडे गेली. लॉकियर आता ‘सर’ झालेले, वय ६१. ‘मेलपोमीन’ ही युद्धनौका त्यांच्या दिमतीला होती. किल्ल्यावर तळ पडला, दुर्बिणी आणि प्रिझम लावलेले कॅमेरे उभे राहिले, आणि खलाश्यांनाच शिकवून तयार केलं. कोणी सेकंद मोजायचे, कोणी प्लेटा बदलायच्या, कोणी प्रभामंडळाचं, म्हणजे झाकलेल्या सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजाचं, चित्र काढायचं. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. आजोबांचा ‘सायब’ हाच, आणि ‘गिराण’ हेच. आला तेव्हा हेलियमला नाव मिळून पाव शतक झालं होतं आणि रॅम्सेंनी त्याला नळीत पकडून तीन वर्षं होत आली होती.

यात आणखी एक पेच आहे, तो माझ्या विद्यार्थिनीनेच दाखवला. १८७१च्या डिसेंबरातल्या ग्रहणाला लॉकियर खरोखरच भारतात आले होते, आणि तेव्हाही बसले होते समुद्रकाठच्या एका किल्ल्यावर. तो बेकलचा, आता केरळात आहे. किल्ला, समुद्र, ग्रहण, लॉकियर, शिवाय १८६८, १८७१ आणि १८९८ हे तीन आकडे. यांचा काला होऊन आपली बातमी तयार झाली असावी, असा माझा अंदाज. फक्त अंदाज.

संपादक महोदय, चूक छापली गेली म्हणून मी लिहीत नाहीये, ती माझ्या वह्यांतूनच बाहेर गेलेली असू शकते. मला वाईट वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. न घडलेल्या गोष्टीपायी घडलेलं सगळं आपण झाकून टाकलं. १८९८च्या त्याच दुपारी करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं घेऊन बसले होते. पुण्यातली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनी उभी केली. तिथली वीस इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली. त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आले होते. पुलगावला केंब्रिजचे न्यूअल. आणि पुलगावच्या अलीकडच्या तळणीला ॲनी माँडर. लग्न केलं म्हणून ग्रिनिचच्या वेधशाळेतली नोकरी सोडावी लागलेली ही बाई. दीड इंची भिंगाचा स्वतः आखलेला कॅमेरा तिने तळणीत लावला आणि प्रभामंडळातला असा लांबलचक किरण टिपला, की तेवढा लांब तोवर कोणाच्याच फोटोत आला नव्हता. त्या वर्षी प्लेगने मुंबई-पुणं उठलेलं होतं, हेही ध्यानात घ्या. जेऊरच्या नि तळणीच्या किती शाळांत हे माहीत असेल? सोलापूरची गाडी जेऊरला थांबते तेव्हा मी आता खिडकीतून उगाच वाकून बघते.

विजयदुर्गावर ऑगस्टात कार्यक्रम होतो तो होऊ दे. मुलं पावसात भिजत किल्ला चढतात, हेलियम हा शब्द ऐकतात, यात वाईट काहीच नाही. पण पुढल्या वर्षी बातमी लावताना एवढा मजकूर बदलावा ही विनंती: ‘१८६८च्या ग्रहणात जमखिंडी, गुंटूर, मछलीपट्टण येथून सूर्याच्या कडेवरच्या रेघा पाहिल्या गेल्या. लॉकियर यांनी त्यातली पिवळी रेघ त्याच वर्षी इंग्लंडमधून तपासली आणि ती नव्या मूलद्रव्याची ठरवली. विजयदुर्गावर ते १८९८मध्ये आले.’ तीन ओळी आहेत, फोटोखाली मावतील.

२२ जानेवारीला मी आणि माझी ती विद्यार्थिनी कट्ट्यांवर जाणार आहोत. सीडीचे तुकडे, मीठ आणि स्पिरिटचा दिवा बरोबर असेल. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी आपापली पोरं घेऊन यावं, आणि वही सापडली तर तीही. ते वाक्य मला स्वतः खोडायचंय.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग