शुक्रवारची प्रार्थनासभा : सर्वांनी यावे

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी 6.30 वाजता शरणपूर रोडच्या आपल्या चर्चमध्ये विशेष प्रार्थनासभा आहे. गारपिटीने निफाड-दिंडोरीकडच्या आपल्या काही कुटुंबांच्या द्राक्षबागा झोपल्या, घड चिखलात पडले. काही घरी आजारपण आहे. अशा वेळी माणूस एकटा कुढत बसतो, म्हणून ही सभा.

मनन बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्र 4:6-7 (अध्याय 4, वचने 6-7) वर होईल. प्रेषित पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिले, हे ध्यानात ठेवून वाचून या. चिंता देवापुढे बोलून दाखवा, तीही उपकारस्तुतीसह, असे तो सांगतो. संकट टळेल असे वचन तिथे नाही. अंतःकरण राखणाऱ्या शांतीचे आहे. मला हेच फार मोलाचे वाटते.

- बायबल व गायनपुस्तक आणावे.
- प्रार्थनाविनंती चिठ्ठीवर लिहावी. नाव नको.
- कोणाचे दुःख ऐकलेत तर ते बाहेर बोलू नये. हा नियम कडक पाळावा.
- औषधे चालू असतील तर बंद करू नयेत. प्रार्थना आणि डॉक्टर दोन्ही हवेत.

आजारी व वृद्धांना आणण्यासाठी तरुण संघाची गाडी येईल. गुरुवारपर्यंत सेक्रेटरींना कळवा.