‘पायी खाद्यभ्रमंती’च्या नावाखाली बसची फेरी : पेनांग बंदरातील सहलीबाबत तक्रार

शहापूर, बेळगाव
दिनांक : ५ फेब्रुवारी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई कार्यालय

विषय : पेनांग बंदरातील सहल जाहिरातीप्रमाणे न घडवणे, शाकाहारी प्रवाशास कोळंबीयुक्त पदार्थ वाढणे आणि सहलीच्या रकमेचा परतावा मिळणे याबाबत.

महोदय,

मी गेली बावीस वर्षे बेळगावात शहापूर भागात खानावळ चालवते. माझे पती, सासूबाई, मुलगी आणि मी अशा चौघांनी आपल्या कंपनीमार्फत सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाची पाच दिवसांची सहल केली. जहाजावरील खोली, जेवण आणि कर्मचाऱ्यांची वागणूक यांबद्दल आमची काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती १८ जानेवारी रोजी मलेशियातील पेनांग बंदरात, प्रत्येकी ६,८०० रुपये म्हणजे चौघांचे २७,२०० रुपये वेगळे घेऊन आपण घडवलेल्या ‘जॉर्ज टाउनची पायी खाद्यभ्रमंती’ या सहलीबद्दल.

आपल्या मराठी माहितीपत्रकात या सहलीचे वर्णन स्पष्ट शब्दांत आहे. जहाजाच्या धक्क्यावरून थेट चालत जॉर्ज टाउन या पेनांगच्या जुन्या शहरात जायचे, गट बारा जणांपेक्षा मोठा नसेल, चार तासांत सात ठिकाणी थांबून तिथली माणसे जिथे खातात तिथेच खायचे आणि शाकाहारी प्रवाशांची स्वतंत्र व्यवस्था असेल, असे त्यात छापले आहे. हे वाचूनच आम्ही इतर सर्व सहली सोडून ही एक निवडली. माझा व्यवसायच चुलीपुढचा असल्याने कुठलेही गाव मला आधी त्याच्या खाण्यातून कळते, आणि ते खाणे पायी फिरल्याशिवाय सापडत नाही, हे मी आमच्या गावावरूनच शिकले आहे. बेळगावात आलेल्या पाहुण्याला आम्ही गणपत गल्लीतून खडे बाजारात चालत नेतो, कुंद्याची कढई उतरताना दाखवतो, उलट्या खापरावर मांडा कसा पसरतात ते उभे राहून पाहू देतो. त्याला गाडीत बसवून गावाबाहेरच्या एखाद्या हॉलमध्ये नेऊन ताट वाढले, तर बेळगाव दाखवले असे आम्ही म्हणणार नाही.

पेनांगसाठी तर पायी फिरणे हा शब्द जाहिरातीच्या सजावटीपुरता असण्याचे काही कारणच नव्हते. अनेक बंदरांत जहाज शहरापासून दूर लागते आणि गाडीशिवाय इलाज नसतो, हे मला मान्य आहे. इथे स्वेटनहॅम धक्का जुन्या शहराला अगदी लागून आहे. धक्क्याच्या फाटकातून बाहेर पडले की समोरच व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा साठ फूट उंच घड्याळाचा मनोरा दिसतो. तिच्या राज्यारोहणाला १८९७ मध्ये साठ वर्षे झाली, त्या प्रत्येक वर्षाचा एक फूट, असा त्याच्या उंचीचा हिशेब आहे. त्याच्याजवळ कॉर्नवॉलिस किल्ला आहे, आणि तमिळ वस्तीच्या गल्ल्या तिथून चालत पंधरा मिनिटांच्याही आत येतात. चिनी, तमिळ आणि मलाय माणसे आपापली चूल घेऊन या शहरात आली आणि एकमेकांच्या शेजारी राहिली, म्हणून तिथले खाणे असे घडले. याच वारशासाठी युनेस्कोने २००८ मध्ये मलाक्कासह हे शहर जागतिक वारसा यादीत घेतले. हे सगळे मी निघण्यापूर्वी मुलीकडून वाचून घेतले होते. ‘नासी कंदार’ या भाताच्या नावातला ‘कंदार’ म्हणजे खांद्यावरची कावड, आणि तमिळ मुसलमान विक्रेते एकेकाळी भात व कालवण कावडीतून गल्लोगल्ली विकत असत, हे कळल्यापासून तर ती गल्ली पाहायची मला ओढच लागली होती.

प्रत्यक्षात घडले ते असे. सकाळी अकरा वाजता जहाज लागले. सहलीसाठी बारा वाजता आम्हाला धक्क्यावर जमवण्यात आले, तेव्हा बारा नव्हे तर त्रेचाळीस माणसे एका मोठ्या बसपुढे उभी होती. चाळीस मिनिटे उन्हात उभे केल्यानंतर बस निघाली. ही सहल पायी आहे ना, असे मी आपल्या गाईडला विचारले असता, गटात ज्येष्ठ नागरिक असल्यामुळे सोयीसाठी बस केली आहे, असे उत्तर मिळाले. बोट माझ्या सासूबाईंकडे दाखवले गेले. त्यांचे वय एकाहत्तर आहे आणि त्या आषाढीला दिंडीबरोबर चालत पंढरपूरला जातात. आपल्या व्यवस्थेतील बदलाचे कारण म्हणून त्यांचे वय पुढे करणे त्यांना फार लागले आणि मलाही.

घड्याळाचा मनोरा, किल्ला आणि जुन्या गल्ल्यांची तोंडे आम्ही बसच्या काचेतून पाहिली. अर्ध्या तासाने बस एका खरेदी संकुलापाशी थांबली आणि वरच्या मजल्यावरील हॉलमध्ये आम्हाला नेण्यात आले. तिथे स्टीलच्या तसराळ्यांत मांडलेले सात पदार्थ होते. आपल्या माहितीपत्रकातील ‘सात ठिकाणे’ ती हीच, असे सांगण्यात आले. पदार्थ कोणी रांधले, कुठल्या गल्लीत ते खातात, कशाबरोबर खातात, यांपैकी एकही गोष्ट कोणी सांगितली नाही. परातीवर झाकून ठेवलेल्या शेवयांना तव्यावरच्या आचेचा वास उरत नाही, हे मी रोज शंभर ताटे वाढणारी बाई म्हणून सांगते.

यानंतरचा प्रसंग मी सविस्तर लिहिते, कारण माझ्या दृष्टीने या पत्रातील सर्वांत गंभीर बाब तीच आहे. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मासे-मटण त्यांना चालत नाही. बुकिंग करण्यापूर्वी मी आपल्या प्रतिनिधीशी दोनदा फोनवर बोलले होते आणि दोन्ही वेळा, ‘काळजी करू नका, शाकाहारी पदार्थ वेगळे असतील आणि गाईड स्वतः लक्ष देईल,’ असे मला सांगितले गेले होते. हॉलमध्ये एका तसराळ्यावर हिरव्या पानाची खूण आणि ‘फळांचे रोजाक’ अशी पाटी होती. काकडी, अननस, कच्चा आंबा अशा फोडींवर काळसर, चिकट, गुळाच्या पाकासारखे काहीतरी ओतलेले होते आणि वर शेंगदाण्याचा कूट होता. गाईडने तो बशीत काढून सासूबाईंच्या हातात दिला. दोन फोडी खाऊन त्या म्हणाल्या, “सूनबाई, हे काय तरी वेगळं लागतंय बघ.” मी बशी नाकाजवळ नेली. गोडाच्या खालून सुकटाचा वास येत होता. बाजारात सुक्या मासळीच्या टोपल्या उघडल्यावर येतो तोच, त्यात चूक होण्यासारखे काही नव्हते. मी वाढणाऱ्या माणसाला खुणेने विचारले. त्याने काहीही न लपवता ‘उदांग’ म्हणून सांगितले. मलाय भाषेत उदांग म्हणजे कोळंबी.

त्या माणसाचा किंवा तिथल्या स्वयंपाकाचा यात काडीचा दोष नाही. कोळंबी आंबवून केलेला तो दाट काळा गोळा हा पेनांगच्या रोजाकचा प्राणच आहे. चिंचेच्या आंबट रश्शात शेवया घालून केलेल्या ‘लाक्सा’ या पदार्थातही तो चमचाभर घालतात, आणि त्या लाक्साचा रस्सा मुळात माशाचाच असतो. वरून निव्वळ फळे किंवा भाजी दिसणाऱ्या पदार्थात तिथे कोळंबी असू शकते, ही त्या गावची अगदी पहिली माहिती आहे. खाद्यभ्रमंतीचा गाईड ती सांगत नसेल, तर तो कशाचा पगार घेतो, हे मला कळत नाही. मी त्याला जाब विचारला तेव्हा, ‘कोळंबीचे तुकडे नाहीत, फक्त सॉस आहे,’ असे तो म्हणाला. माझ्या खानावळीत एखाद्या माळकऱ्याच्या आमटीत चुकून रश्शाचा डाव बुडाला, तर मी ती आमटी ओतून देते आणि त्याची हात जोडून क्षमा मागते. इथे क्षमेचा एक शब्दही कोणी उच्चारला नाही. सासूबाईंनी चूळ भरली, बशी बाजूला ठेवली आणि त्या दिवशी केळी व नारळपाणी सोडून काहीही घेतले नाही. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. पण जहाजावर परतल्यावर रात्री उशिरापर्यंत त्या माळ हातात धरून बसलेल्या मी पाहिल्या.

हॉलमधून बस आम्हाला चॉकलेट आणि वेदनाशामक बामच्या एका दुकानात घेऊन गेली. पंचवीस मिनिटे तिथे गेली आणि खरेदीचा आग्रह झाला. पावणेतीनला आम्ही पुन्हा धक्क्यावर होतो. चार तासांची सहल धक्क्यावरची ताटकळ धरूनही पावणेतीन तासांत आटोपली, आणि त्यात रस्त्यावर पायी चाललेले अंतर शून्य होते.

जहाजावर परतण्याची अखेरची वेळ साडेसहाची होती. म्हणून मुलीच्या फोनवरील नकाशा पाहत आम्ही चौघे स्वतःच फाटकाबाहेर पडलो. किल्ल्याजवळून चालत तमिळ वस्तीत गेलो. १८३३ मध्ये बांधलेल्या महामारियम्मन मंदिरापुढे सासूबाईंनी हात जोडले. त्याच भागात एका साध्या हॉटेलात केळीच्या पानावर डोसा वाढला गेला आणि पलीकडे चहावाला दोन भांड्यांत हातभर अंतरावरून चहा ओढून त्याला फेस आणत होता. एका गाड्यावर जायफळाचे सरबत मिळाले. आम्ही पुरणात जायफळाची बी किसतो, पण त्या बीभोवतीच्या गराचे सरबत आणि लोणचेही होते हे मी प्रथमच पाहिले. ईस्ट इंडिया कंपनीने मोलुक्का बेटांवरून आणवलेल्या जायफळाच्या रोपांची ही आठवण पेनांगच्या गाड्यांवर अजून विकली जाते. गाडेवाल्या बाईंनी अख्खे फळ चिरून आतली लाल जायपत्री माझ्या तळहातावर ठेवली. तिची माझी भाषा एक नव्हती, तरी पाच मिनिटे आम्ही दोघी मसाल्यावर बोलत उभ्या होतो. याच पाच मिनिटांसाठी मी आपल्याला २७,२०० रुपये दिले होते, आणि ती मला आपल्याशिवाय मिळाली. सर्व खर्च धरून चौघांना तिथे साठ रिंगिटसुद्धा (रिंगिट हे मलेशियाचे चलन) लागले नाहीत. साडेपाचला आम्ही निवांत परत आलो. माहितीपत्रकात लिहिलेली सहल घडवणे शक्य नव्हते, असे म्हणायला म्हणूनच जागा उरत नाही.

त्याच संध्याकाळी मी जहाजावरील मदत कक्षात लेखी तक्रार दिली. गावी परतल्यावर दोनदा ईमेल केले. आपल्याकडून एकच उत्तर आले, तेही इंग्रजीत, आणि त्यात पुढील सहलीवर दहा टक्के सवलत देऊ केली आहे. मराठी माहितीपत्रक छापून सीमाभागातील आमच्यासारख्या ग्राहकांपर्यंत आपण पोहोचता, तर त्यांच्या तक्रारीचे उत्तरही मराठीत द्यावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे. सवलत मला नको आहे.

माझी मागणी अशी की सहलीचे पूर्ण २७,२०० रुपये परत मिळावेत. माळकरी व्यक्तीस कोळंबी वाढल्याबद्दल आपल्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने माझ्या सासूबाईंच्या नावे लेखी क्षमापत्र यावे. बसची सहल ‘पायी’ या नावाने विकणे ताबडतोब बंद करावे, आणि शाकाहाराची खूण लावण्याआधी पदार्थात काय घातले आहे हे प्रत्येक बंदरात रांधणाऱ्यालाच विचारून घ्यावे. रकमेपेक्षा ही शेवटची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या जहाजात दुसरी कोणाची आई असेल.

हे पत्र पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी या कारणांवरून मी बेळगाव येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणी दाद मागण्याचा अधिकार या कायद्याने दिला आहे, त्यामुळे त्यासाठी मला मुंबईला यावे लागणार नाही.

पत्रासोबत पैसे भरल्याची पावती, माहितीपत्रकाचे संबंधित पान, मदत कक्षात दिलेल्या तक्रारीची प्रत आणि हिरव्या पानाची खूण असलेल्या त्या पाटीचे छायाचित्र जोडले आहे.

कळावे,

आपली ग्राहक,
(सही)
शहापूर, बेळगाव