न उडालेल्या ड्रोनचे बिल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : उजळाईवाडी येथील लग्नात न उडालेल्या ड्रोनचे १४,००० रुपये परत मिळणेबाबत

महोदय,

माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो-व्हिडिओचे काम आपल्याकडे होते. फोटो चांगले आलेत, त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार ड्रोनची आहे.

बुकिंगच्या वेळीच मी हॉलचा पत्ता लिहून दिला होता. कोल्हापूर विमानतळाच्या कुंपणापासून हा हॉल दोन किलोमीटरही नाही. ‘विमानतळ जवळ आहे, चालेल ना?’ असे मी स्वतः विचारले. ‘काका, आपला ड्रोन २४९ ग्रॅमचा, त्याला परवानगीच लागत नाही,’ असे तुमच्या माणसाने छातीठोकपणे सांगितले आणि पैसे आगाऊ घेतले.

लग्नादिवशी वरात दारात आली. तुमच्याकडच्या ड्रोनवाल्या मुलाने प्लास्टिकच्या खुर्चीवर पेटी उघडली, पंखे बसवले. आमच्या आत्याबाई तर आधीच आभाळाकडे बघून हात हलवायला लागल्या होत्या. रिमोटवर लाल सूचना आली आणि ड्रोन जागचा हलेना. ‘मागच्या उसात जाऊन जुगाड करून बघतो,’ म्हणाला. तेवढ्यात उतरणारे विमान डोक्यावरून गेले, इतके खालून की ताशेवाल्याचा हात थांबला. पेटी मीच बंद करायला लावली.

पाहुणे गेल्यावर ड्रोन नियम, २०२१ वाचून काढले. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत रेड झोन. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. ५ ते ८ किलोमीटर यलो झोन, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्राची सूट आहे, रेड झोनची नाही. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघायची जबाबदारी उडवणाऱ्याची, आणि नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत. हे मला निवृत्तीनंतर अर्ध्या तासात कळले. तुमचा तर हा रोजचा धंदा.

पैसे परत मागितल्यावर उत्तर आले, ‘सरकारी निर्बंध आमच्या हाताबाहेरचे आहेत.’ अहो, कोल्हापूरचा विमानतळ १९३९ सालचा आहे. लग्नाच्या आदल्या रात्री उगवलेला नाही.

खरा संताप पुढे आहे. गेल्या आठवड्यात लग्नाची फिल्म मिळाली. सुरुवातीलाच ड्रोनचा शॉट! हिरवेगार लॉन, कडेने नारळाची रांग आणि पांढरा मंडप. आमच्या हॉलला एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याचे शेड आहे. मंडप केशरी होता. व्याहीबुवांनी ‘हे कुठलं हो?’ म्हणून विचारले, तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरली नाही. वर तुमच्या ऑफिसातली मुलगी फोनवर म्हणते, ‘सर, ड्रोन शॉट डिलिव्हर झालाय, रिफंड बसत नाही.’

ड्रोनचे १४,००० रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत आणि तो शॉट काढून फिल्म नव्याने द्यावी. नाही तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ज्यांची ती नारळाची बाग असेल, त्यांचा व्हिडिओ त्यांना पोचता करा. त्यांनीही पैसे भरले असतील.

कळावे,
वधूचे वडील

सोबत : आगाऊ रकमेची पावती, बुकिंगचा फॉर्म (हॉलच्या पत्त्यासह), आमच्या केशरी मंडपाचा फोटो